घसरगुंडीखालचा वॉर्ड

८ मार्च

विहीणबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नसेल म्हणून तुम्ही ते उलटून पाहिलं असेल, मागे माझं नाव दिसलं असेल, आणि पाकीट तसंच टेबलावर ठेवून आधी चहा टाकला असेल. चहा पिऊन झाला असला तर वाचा.

फोन करून पाहिला. तुम्ही उचलत नाही. उचलला असतात तरी गेल्या वर्षभरात आपलं बोलणं "बरं आहे ना" आणि "बरं आहे" याच्या पुढे गेलेलं नाही. पत्राचं एक बरं असतं. समोरच्याला ते मध्येच कापता येत नाही.

बातमी तुम्हाला माझ्या आधी कळली आहे. चिरंजीवांची बदली तुमच्या गावी झाली, हे तुमच्या लेकीने आधी आईला सांगितलं, मग सासूला. क्रम योग्यच आहे, माझी तक्रार नाही. एप्रिलच्या सुरुवातीला ते दोघं आणि भिंगरी तिकडे येतील. मी येणार नाही. चिरंजीव मागे लागले आहेत, पण माझी गिऱ्हाइकं इथे आहेत. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, कंबर सैल करायची. माणसं जाड-बारीक होत राहतात, त्यामुळे माझं मशीन काही थांबत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. भिंगरी आता चार वर्षांची आहे आणि रोज संध्याकाळी ती माझ्याबरोबर बागेत जाते. आई-बाप ऑफिसातून येईपर्यंतचा तो वेळ आमचा. पुढे तो तुमचा. तेव्हा काही गोष्टी तुम्हाला ठाऊक असाव्यात.

आमची बाग मोठी नाही. पुढच्या फाटकात हाक मारली तर मागच्या फाटकात ओ येते. दोन झोके, एक घसरगुंडी, एक सी-सॉ, वाळूचा चौकोन, पाण्याचा नळ आणि मोठ्या माणसांसाठी बाक. पण संध्याकाळी अख्खी वस्ती तिथे असते. बाबागाड्या, आजोबा, बर्फाचे गोळे खाऊन निळ्या झालेल्या जिभा.

झोक्यावर बसली की भिंगरी "जोरात" म्हणते. त्याचा अर्थ हळू. "हळू" म्हणाली तर तिला उतरायचं असतं. घसरगुंडीवर चढली की आधी खालच्या सगळ्यांना बाजूला व्हायला सांगते, मग विचार बदलते आणि पायऱ्यांनीच खाली येते. हसायचं नाही. घरी न्यायचं असेल तेव्हा "चल" म्हणू नका, सगळी बाग ऐकेल असं रडते. "मी निघते, तू ये सावकाश" म्हणा आणि चालू लागा. आपल्या आधी ती फाटकात असते.

तुमच्या घराजवळ बाग आहे का? तेवढं कळवा.

तुमची विहीण


२० मार्च

विहीणबाई,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पूर्ण मजकूर असा: "बाग आहे. फाटकाला कुलूप असतं. आत कचरा आहे. मूल घरात खेळेल. प्रकृतीस जपावे."

तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होता. आयुष्यभर पेशंटच्या खाटेच्या पायाशी लटकणाऱ्या कागदावर लिहिलंत, त्यामुळे थोडक्यात भागवायची सवय आहे, हे मी समजते. पण विहिणीला पत्र लिहिताना निदान "ताप उतरला" एवढी तरी एक ओळ घालावी.

मूल घरात खेळेल म्हणता. तुमचं घर मी पाहिलेलं आहे. शोकेसमध्ये काचेची हरणं आहेत. पलंगाच्या चादरीला एक सुरकुती नसते. भिंगरी घरात खेळली तर पहिल्या आठवड्यात हरणं लंगडी होतील आणि दुसऱ्या आठवड्यात तुमचा रक्तदाब वाढेल. मी तुमच्या भल्याचं सांगते आहे.

कुलूप आहे म्हणजे किल्ली कोणाकडे तरी आहे. बागेला माळी असेल, माळ्याला साहेब असेल. तुमच्या लेकीनेच मला सांगितलं आहे की तुम्ही एका बड्या सर्जनला बुटांसकट वॉर्डात येताना पाहून दारातच थांबवलं होतं आणि तो मुकाट्याने बूट काढून आत गेला होता. ती बाई एका कुलपापुढे हात टेकते, हे मला पटत नाही. थंडी संपली आहे, पण गुडघे धरले असतील तर तसं सांगा. मी कोणाला बोलणार नाही.

आमच्या बागेत भिंगरीचा सगळ्यात आवडता खेळ दुकानाचा. घसरगुंडीखाली सावलीची जागा आहे, तिथे आम्ही दोघी बसतो. मी दुकानदार, ती गिऱ्हाईक. वाळू म्हणजे साखर, पानं म्हणजे भाजी, खडे म्हणजे बटाटे. ती घासाघीस करते. "काल तर तुम्ही कमी सांगितलं होतं," असं तोंड वाकडं करून म्हणते. हे वाक्य ती माझ्याच घरी, पुढच्या खोलीत माझ्या मशीनशेजारी बसून शिकली आहे. गिऱ्हाईक हेच बोलतं आणि मी जे उत्तर देते तेही तिला पाठ आहे. "दोरा काय मला फुकट मिळतो?"

कालपासून चिरंजीवांनी खोकी आणायला सुरुवात केली. भिंगरी त्यातल्या एकात बसून असते आणि मला पत्ता चिकटव म्हणते.

किल्लीचं बघा.

तुमची विहीण


२ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं. चांगलं चार पानी. वाचताना मला हसून हसून रडू आलं, एक गिऱ्हाईक दारात आलं होतं ते घाबरून परत गेलं.

म्हणजे तुम्ही किल्ली मिळवलीत. माळ्याला झाडू घेऊन बोलावलंत, आणि बाग साफ झाल्यावर हातात टॉर्च घेऊन अख्ख्या बागेचा राउंड घेतलात. घसरगुंडीच्या पत्र्यावरून तळवा फिरवून पाहिलात. झोक्याची कडी झिजली आहे ती बदलायला लावलीत. इथपर्यंत मी मान डोलावत वाचत होते. मग मुलांनी रांगत जायचा तो सिमेंटचा पाइप. आत काचा असतील म्हणून तुम्ही स्वतः रांगत आत शिरलात, आणि बरोबर मधोमध गुडघ्यांनी संप पुकारला.

माळी बाहेरून म्हणाला, "मावशी, पाय धरून ओढू का?"

आणि पाइपातून आवाज आला, "पाय नाही. दुसऱ्या तोंडाने ये. काखेत हात घाल. मी तीन म्हणेन तेव्हाच ओढायचं."

"मी तीन म्हणेन तेव्हाच" इथे माझ्या हातातली कात्री खाली पडली.

तुम्ही लिहिता, ही हकिकत लेकीला कळता कामा नये. नाही कळणार. बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या ड्रायव्हरकाकांना तेवढी सांगितली, पण ते धरायचं नाही. जन्मभर बस चालवून त्यांना ऐकू कमी येतं. त्यामुळे जरा मोठ्याने सांगावी लागली, एवढंच.

आता तुम्ही चार पानं लिहिलीत म्हणून मीही एक गोष्ट लिहिते. गेल्या वर्षी तुम्ही महिनाभर राहायला म्हणून इथे आलात आणि आठवडाही न काढता पहाटेच्या गाडीने गेलात. का, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. आपण दोघींनी "तब्येतीचं काहीतरी" असं ठरवून टाकलं. आदल्या संध्याकाळी बागेत भिंगरी झोक्यावरून पडली होती. तुम्ही जवळ होता. तुम्ही खाली बसून हात पसरलेत. ती उठली आणि तुमच्या हातांवरून पुढे, बाकापर्यंत धावत माझ्याकडे आली. मी तिचं ढोपर पुसत राहिले. तुमच्याकडे पाहायचं टाळलं.

त्यात तुमचं काही उणं नव्हतं, विहीणबाई. तिची रोजची संध्याकाळ माझ्याबरोबर जात होती, एवढाच त्याचा अर्थ. आता रोजची संध्याकाळ तुमच्याबरोबर जाईल.

असो. एका शाळेच्या गणवेशांना बटणं लावायची आहेत. शनिवारी ट्रक येतो आहे.

तुमची विहीण


१९ एप्रिल

विहीणबाई,

सगळे सुखरूप पोचले, खोकी उघडली, काचेचं एकच हरीण गेलं, हे कळलं. एकावर निभावलं.

इकडे माझं छान चाललं आहे. घर शांत असल्यामुळे कामं भराभर उरकतात. खाटेखाली भिंगरीचा एक मोजा सापडला, तो पुढच्या पत्राबरोबर पाठवीन. घाई नाही, एकच आहे.

तुम्ही विचारता, ती बागेत खेळत का नाही. रोज नेता, ती बाकावर तुमच्या शेजारी पाय हलवत बसते आणि "घरी कधी जायचं" विचारते. बाकीची मुलं बोलावतात तर मान हलवते. तुम्ही "काय करू ते लिहा" असं लिहिलं आहे. तुम्हाला हे वाक्य लिहायला किती जड गेलं असेल ते मला दिसतं, म्हणून थट्टा करत नाही.

दुकान काढा. घसरगुंडीखाली मांडी घालून बसा, मांडी होत नसेल तर पाटावर बसा. पहिल्यांदा तिच्याकडे बघायचं नाही. वाळूचे ढीग करा, पानं मांडा, आणि हवेत बघून ओरडा, "ताजी भाजी, ताजी भाजी." ती येईल. आली की भाव जास्त सांगा. कमी सांगितलात तर तिला घासाघीस करायला काही उरत नाही आणि ती उठून जाते. पैसे म्हणून ती पानाचा देठ देईल. तो नोटेसारखा उजेडात धरून, खरा आहे ना ते बघून घ्या. हे विसरू नका, तिला यात फार मजा येते.

अजून एक. ती मधूनच "आजी" अशी हाक मारेल आणि तुम्ही ओ दिलीत तर म्हणेल, "तुला नाही." त्यावर काही बोलू नका. तेवढं चालायचं.

तुमची विहीण


३० एप्रिल

विहीणबाई,

दुकान बुडालं तर.

तुम्ही जसंच्या तसं लिहून कळवलंत म्हणून मला कारण समजलं. तिने पाव किलो भाजी मागितली. तुम्ही म्हणालात, "ही पानं जमिनीवरची आहेत, आधी हात धुऊन ये." तिने साखर मागितली. तुम्ही म्हणालात, "साखर कमी खावी." तिने बटाटे मागितले तर तुम्ही म्हणालात, "हे खडे आहेत, तोंडात घालायचे नाहीत." विहीणबाई, अशा दुकानात उधारीवरसुद्धा कोणी येणार नाही.

पण पुढचं वाचून मी मशीन थांबवलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मग तुला येतं तरी काय?" आणि तुम्ही म्हणालात, "मला आजारी माणसं बरी करता येतात."

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मी डॉक्टर. तू सिस्टर."

आणि घसरगुंडीखाली वॉर्ड उघडला.

आता तुमचं पत्र म्हणजे नुसता दंगा आहे. काडीचा थर्मामीटर. पानावर नखाने लिहायचा केसपेपर. बूट-चपला बाहेर काढायच्या, हे आलंच. पहिल्या दिवशी भावली पेशंट, दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा, आणि शनिवारी नळापर्यंत रांग. कोणाचं पोट दुखतं, कोणाला "अभ्यास होतो". एक बाप ऑफिसची बॅग घेऊन आला होता मुलाला न्यायला, तोही चपला काढून आत वाकला आणि पाठ दुखते म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एकच औषध दिलं. एक घसरगुंडी आत्ता, एक घरी जाताना. आणि पेशंट घाबरला तर स्वतः वर चढून, घसरून दाखवते. पायऱ्यांनी परत येत नाही.

हे मला कधी जमलं नव्हतं. मी नुसती हसायची नाही, इतकंच करत होते.

मेट्रनबाईंना उतारवयात चार वर्षांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करावं लागतंय, आणि ती डॉक्टर "सिस्टर, लक्ष कुठे आहे" म्हणून ओरडते, हे मी ड्रायव्हरकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बढती झाली की हो."

पत्र वाचून खूप आनंद झाला. घडी करून ठेवलं. मग परत उघडलं, माझं नाव कुठे येतं आहे का ते पाहायला. नव्हतं. बरोबरच आहे, जी तिथे नाही तिचं नाव कशाला येईल.

मी हल्ली बागेत जात नाही. वेळच होत नाही. ड्रायव्हरकाका परवा म्हणाले, "बाकावर पिशवी ठेवून कोणाची जागा धरता, उचला की ती." म्हणजे एकदा गेले होते, फळं घेऊन येताना, म्हणून ते म्हणाले.

मोजा सोबत आहे.

तुमची विहीण


१६ मे

विहीणबाई,

नाही.

चिरंजीव फोनवर सांगून थकले, आता तुम्ही सुरू केलंत. तुमच्या इमारतीत तळमजल्याला चष्म्याचं दुकान होतं ती खोली रिकामी झाली आहे, पुढे रस्ता आहे, मागे न्हाणीघर आहे, खिडकीतून बागेचं फाटक दिसतं, मशीन खिडकीशी लागेल. तुम्ही टेप घेऊन खिडकी मोजूनही आलात. तुमच्या कामात खोट काढायला जागा नसते, हा तुमचा मोठा दोष आहे.

तुम्ही लिहिता, पेशंट वाढले आहेत, तुमची नजर सगळीकडे पोचते पण गुडघे पोचत नाहीत, आणि कोणीतरी धावणारं हवं. धावायला कोणीही मिळेल. त्या माळ्याला ठेवा, त्याला तुम्हाला उचलायचीही सवय आहे.

मुलाच्या घरी राहायचं नाही, हे मी तो शाळेत असतानाच ठरवलं होतं. तुमच्या लेकीशी माझं भांडण नाही. ते होऊ नये म्हणूनच मी इथेही वेगळं घर ठेवलं. तुम्ही म्हणाल, ही खोली वेगळी आहे, चूल वेगळी आहे. पण एका जिन्यावर दोन विहिणी म्हणजे लोकांना फुकटची करमणूक. आज आपण एकमेकींना पानंच्या पानं लिहितो, कारण मध्ये बसचा प्रवास आहे. उद्या नळाच्या पाण्यावरून बोलणं बंद होईल.

आणि इथे मी कोणीतरी आहे. कोपऱ्यावरचा किराणावाला मला शिंपीणकाकू म्हणतो. लग्नाचे कोट माझ्याकडे येतात. तिकडे येऊन मी कोण? भिंगरीची दुसरी आजी. बाकावर बसून पहिलीचं कौतुक बघणारी. मला ते जमणार नाही, आणि न जमल्याचं तोंडावर दिसेल, आणि ते दिसलेलं भिंगरीला कळेल. मुलांना सगळं कळतं.

राग मानू नका. वॉर्डची बातमी मात्र पाठवत राहा.

तुमची विहीण


२९ मे

विहीणबाई,

तुमची बस आता बरीच पुढे गेली असेल. थांब्यावर मला काही बोलता आलं नाही, म्हणून घरी येऊन लगेच लिहायला बसले. पुढच्या खोलीत दोन गिऱ्हाइकं बसली आहेत, बसू देत.

काल संध्याकाळी मी बाकावर होते. समोर ड्रायव्हरकाकांचे जुळे नातू झोक्यावर भांडत होते. माझ्या शेजारी पिशवी होती. कोणीतरी मागून म्हणालं, "पिशवी उचला, बसायचंय."

मी वर न बघता म्हणाले, "जागा धरली आहे."

"कोणासाठी?"

तो आवाज ऐकून सर्जनने बूट का काढले असतील ते मला कळलं.

तुम्ही बसलात. म्हणालात, "हल्ली बागेत येत नाही ना तुम्ही?"

"फळं घ्यायला आले होते."

"पिशवी रिकामी आहे."

एवढ्यात ड्रायव्हरकाका पुढे वाकून मला म्हणाले, "पाइपातल्या त्या ह्याच का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. "यांना ऐकू कमी येतं असं लिहिलं होतंत," तुम्ही म्हणालात.

"कमीच येतं," काका म्हणाले. "पण जे येतं ते नीट लक्षात राहतं." आणि नातवांना घेऊन मुद्दाम लांबच्या नळाकडे गेले. शहाणा माणूस आहे.

तुम्ही पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवलीत. तुम्ही म्हणालात, "तिकडे ती रोज खेळते, हसते, हे मी लिहिलं ते खरं आहे. एक लिहिलं नाही. मागच्या आठवड्यात ती पडली. मी हात पसरले. ती आली माझ्याकडे. पण यायच्या आधी तिने बाकाकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग नळाकडे. तुम्ही जिथे जिथे असू शकता तिथे सगळीकडे बघून घेतलं, आणि मग आली."

मी म्हणाले, "होईल सवय."

"होईल. लवकरच होईल. म्हणूनच आले. होऊ द्यायची नाही मला ती."

मग तुम्हीच पुढे म्हणालात, "आणि दुसरी आजी काय लिहिता? चार वर्षं मी कितवी होते?"

मी पिशवीची घडी घालत बसले. तुम्ही उठलात, घसरगुंडीपाशी गेलात, गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकलात, आणि परत येऊन म्हणालात, "हीच का ती दुकानाची जागा? इथे वॉर्ड बसला नसता. उजेड नाही." मला हसू आलं. तुम्हालाही आलं, पण तुम्ही ते रुमालात घातलंत.

रात्री जेवताना तुम्ही तो विषय काढला नाहीत. सकाळी माझ्या खोलीत बसून लटकवलेल्या कपड्यांकडे बघत होता. मी म्हणाले, काय बघता? तुम्ही म्हणालात, "आमच्या गल्लीत शिंपी नाही. चेन गेली की लोक पँट टाकून देतात." एवढंच. पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या बाईला नाही म्हणता येतं. एकदाच सांगून बसमध्ये चढणाऱ्या बाईला काय म्हणायचं?

बस सुटल्यावर मी थांब्यावरून सरळ घरी आले नाही. बागेत गेले. सकाळी तिथे कोणी नसतं. दोन्ही झोके रिकामे होते. बाकावर बसले आणि खरं म्हणजे शांतपणे विचार करायचा होता, पण विचार करायला काही शिल्लक नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की तो कोणाला तरी सांगावासा वाटत होता, आणि ज्या दोघींना सांगावा त्यातली एक तिकडे होती आणि दुसरी तिकडेच निघाली होती.

तेव्हा आता ऐका. किराणावाल्याला सांगून झालं. तो म्हणाला, "काकू, माझ्या मुलाच्या लग्नाचा कोट?" त्याला म्हटलं, पाठव तिकडे बसने, कापड काही रडत नाही. हाती घेतलेले गणवेश पुरे करते. मशीन टेम्पोने पाठवते, ते माझ्या आधी पोचेल. खिडकीशी ठेवा, पण चाक भिंतीकडे नको. चूल माझी वेगळी. तुम्ही माझ्या खोलीत येताना मी चपला काढायला सांगणार नाही, मी वर येईन तेव्हा तुम्ही हरणांवरून मला बोलायचं नाही. पाण्यावरून भांडण झालंच तर संध्याकाळी बागेत जायच्या आधी मिटवायचं. बागेत आपण ड्यूटीवर असतो.

पुढच्या शुक्रवारी निघते. चिरंजीवांना आणि तुमच्या लेकीला कळवा. भिंगरीला सांगू नका. बस दुपारी उशिरा पोचते, त्यामुळे घरी माझी वाट बघू नका. मी सामानासकट थेट बागेत येईन, चपला काढून रांगेत उभी राहीन. मध्ये घेऊ नका, माझा नंबर येईपर्यंत थांबेन. मग डॉक्टरीणबाईंनी काय होतंय म्हणून विचारलं, की माझं मीच सांगेन.

तुमची विहीण